गृहशीतन, पारंपरिक : नाशिक

कोणत्याही यंत्राच्या साहाय्यावाचून राहते घर उन्हाळ्यात गार ठेवण्याच्या रूढ रीती. घराची रचना, बांधकामाचे साहित्य, पाण्याचा उपयोग, दिवसाचा क्रम आणि काही सणाचार अशा पाच अंगांनी त्या सिद्ध झाल्या. दख्खनच्या पठारावर त्या सर्वत्र कमीअधिक प्रमाणात आढळतात. तथापि नाशिक शहर व त्याच्या परिसरात लेणी, शिलालेख, पेशवेकालीन वाडे आणि अद्याप चालू असलेल्या काही प्रथा यांच्या आधारे त्यांचा मागोवा जवळजवळ दोन हजार वर्षे मागे नेता येतो. या रीतींचे मर्म थंडावा निर्माण करण्यात नसून तो साठविण्यात आहे. रात्रीचा गारवा घराच्या जड अंगात मुरवून घ्यावयाचा, दिवसा तो बाहेर जाऊ द्यावयाचा नाही आणि जेथे तो कमी पडेल तेथे पाण्याची जोड द्यावयाची, असा हा व्यवहार होता. त्यास गार रात्र, जाड भिंत, तापले तरी खाली न तापविणारे छप्पर, पुरेसे पाणी आणि ते वाहून आणणारे हात, या सर्वांची गरज असे. विसाव्या शतकात यांतील एकेक गोष्ट सुटत गेली. आजच्या घरांतील उकाड्याचे कारण बव्हंशी त्यात सापडते.

हवामान : नाशिक हे सु. २०° उ. अक्षवृत्तावर, सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंचीवर वसले आहे. उन्हाळा मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान सामान्यतः ३७° ते ३८° से. असते व काही दिवस ते ४०° से.च्या वर जाते. मात्र हवा कोरडी, आकाश निरभ्र आणि भूमी उंच असल्याने सूर्यास्तानंतर उष्णतेचे प्रारण वेगाने होते व पहाटेचे तापमान २०° ते २३° से.पर्यंत उतरते. दिवस व रात्र यांमधील हा सु. १५ अंशांचा फरक हेच येथील गृहशीतनाचे भांडवल होय. मुंबईस उन्हाळ्यात दुपार नाशिकपेक्षा कमी तापते. परंतु तेथे रात्रही फारशी निवत नाही आणि हवा दमट असल्याने घामही वाळत नाही. म्हणून कोकणातील घर वारा खेळता ठेवण्यासाठी उघडे व हलके, तर देशावरील घर जड व मिटलेले, असा भेद पडला.

नाशिकच्या अक्षांशाचा आणखी एक परिणाम महत्त्वाचा आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य येथे जवळजवळ नेमका डोक्यावर येतो. त्यामुळे कडक उन्हाळ्यात दक्षिणेकडील भिंतीस ऊन थोडेच लागते. सकाळी पूर्वेची व सायंकाळी पश्चिमेची भिंत तापते आणि दिवसभराचा मुख्य मारा छपरावर होतो. घर गार राहणार की नाही, हे येथे प्रथम छप्पर ठरविते.

प्राचीन पुरावा : शहराच्या नैर्ऋत्येस सु. ८ किमी. अंतरावरील त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी या नावाने ओळखली जाणारी २४ लेणी आहेत. ती डोंगराच्या उत्तर अंगास खोदलेली असून त्यांतील विहारांची मांडणी खांबांची ओसरी, तिच्यामागे प्रशस्त दालन आणि दालनाभोवती भिक्षूंच्या खोल्या अशी आहे. माथ्यावर अखंड बेसाल्ट खडक असल्याने दिवसाची उष्णता आतल्या खोलीपर्यंत पोहोचत नाही, आणि उत्तराभिमुख ओसरीमुळे वर्षाच्या बऱ्याच भागात ऊन दालनात शिरत नाही. लेणी केवळ उन्हासाठी या अंगास खोदली, असे म्हणता येणार नाही. खडकाचा दर्जा व डोंगराचा उतार यांचाही त्यात वाटा असणारच. परंतु ओसरी, दालन व अंतर्गृह हा उजेडाकडून सावलीकडे नेणारा क्रम पुढे येथील घरांतही कायम राहिला, हे लक्षणीय आहे.

लेणे क्र. १० मधील, क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याचा शिलालेख (इ. स. दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध) या दृष्टीने मोलाचा आहे. गोवर्धन, शूर्पारक (सोपारा), भरुकच्छ (भडोच) व दशपुर (मंदसोर) येथे त्याने वाटसरूंसाठी चतुःशाल निवास बांधल्याचा उल्लेख त्यात आहे. यांपैकी गोवर्धन हे नाशिकलगतचे ठिकाण होय. चतुःशाल म्हणजे मधल्या मोकळ्या जागेभोवती चारही बाजूंनी खोल्या असलेले घर. पुढील काळातील चौकाच्या वाड्याचे हे पूर्वरूप म्हणता येईल. त्याच लेखात बागा, तळी व विहिरी करविल्याचा आणि नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व प्रपा उभारल्याचाही निर्देश आहे. मराठीतील ‘पाणपोई’ या शब्दातील ‘पोई’ हे याच प्रपेचे रूप होय. लेण्यांच्या अंगणातील पाण्याच्या टाक्यांस या शिलालेखात ‘पोढी’ अशी संज्ञा आहे. सावलीचे घर, मधला चौक आणि वाटेवरचे पाणी या तिन्ही गोष्टी अशा रीतीने दुसऱ्या शतकातच एकत्र नोंदलेल्या आढळतात.

वाडा : मोगल अमदानीत गुलशनाबाद हे नाव मिळालेल्या नाशिकला अठराव्या शतकात पेशव्यांच्या सत्तेखाली भरभराट आली. राघोबादादांचा आनंदवल्ली येथील व गोपिकाबाईंचा गंगापूर येथील निवास याच काळातील. सराफ बाजारातील सरकारवाडा हा त्या काळच्या बांधणीचा ठळक नमुना होय. उंच दगडी जोते, रुंद पायऱ्या, सागवानी खांब व आतील चौक ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. जिल्ह्यातील चांदवड येथील अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल याच परंपरेतील आहे.

सामान्य संपन्न गृहस्थाचा वाडा दुमजली वा तिमजली असे. जोते काळ्या दगडाचे, सांगाडा सागवानी खांब व तुळयांचा आणि भिंती तळाशी दगडाच्या व वर विटांच्या किंवा पांढरीच्या मातीच्या असत. त्यांची जाडी ४५ ते ६० सेंमी. व कित्येकदा त्याहूनही अधिक असे. अशा भिंतीच्या बाहेरच्या बाजूस लागलेली उष्णता आत पोहोचण्यास १० ते १२ तास लागतात. दुपारचे ऊन भिंत ओलांडून आत येते तेव्हा मध्यरात्र झालेली असते. त्या वेळी बाहेरची हवा गार असते व दारे-खिडक्या उघडून ती उष्णता घालविता येते. भिंत उष्णता अडविते असे म्हणण्यापेक्षा ती उष्णतेची वेळ बदलते, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

छपराची योजनाही अशीच विचारपूर्वक असे. उतरत्या छपरावर हातघडणीची नळीची कौले एकावर एक दाट रचलेली असत. कौलांच्या थरांमध्ये हवा खेळत असल्याने वरच्या कौलाची धग खालच्या कौलास पूर्णपणे लागत नसे. कौलांखाली माळा असे. तेथे धान्य, सरपण, जुने सामान ठेवीत. माणसे दिवसा तेथे बसत नसत. माळ्याच्या खाली पाटाईवर मातीचा थर दिलेली तक्तपोशी व तिच्याखाली माडी. अशा प्रकारे डोक्यावरचे ऊन आणि तळमजल्यावरील माणूस यांमध्ये कौले, माळा, माती, लाकूड आणि माडी असे अनेक पडदे येत.

वाड्याच्या मध्यभागी चौक असे. रात्री छपराचे उतार आकाशाकडे उष्णता टाकून निवतात. त्यांना लागून गार झालेली हवा जड होऊन चौकात उतरते व तेथून ओसरी, सोपा व माजघर यांत पसरते. उष्ण हवा माळ्याच्या झरोक्यांतून वर निघून जाते. सकाळी ऊन चौकात येण्यापूर्वी बाहेरची दारे-खिडक्या लावून घेत आणि दिवसभर घर या साठलेल्या गारव्यावर काढीत. मध्यान्हीचे ऊन चौकात उभे पडे. परंतु भोवतालची ओसरी ते आत येऊ देत नसे. चौकातील तुळशीवृंदावन व आड यांमुळे तेथे ओलावा टिके. सर्वांत आतील माजघर हे घरातील सर्वांत गार व सर्वांत अंधारे दालन. काही मोठ्या वाड्यांत तळघरेही असत. जमिनीच्या पोटात तापमान वर्षभर फारसे बदलत नसल्याने उन्हाळ्यात ती गार वाटत.

वाडा एकटा उभा नसे. जुने नाशिक गोदावरीकाठच्या टेकांवर दाट वस्तीने वसले आहे. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंस उंच घरे, वरच्या मजल्याचे पुढे आलेले सज्जे आणि शेजारच्या घरांशी सामाईक भिंती, यांमुळे गल्लीत ऊन थोडाच वेळ पडे व प्रत्येक घराच्या फारच थोड्या भिंती उघड्या राहत. गारवा ही अशा रीतीने एका घराची नव्हे, तर सबंध आळीची निर्मिती होती.

चौक व जड भिंती यांची ही जोडी उष्ण-कोरड्या प्रदेशांत इतरत्रही आढळते. इराण व इराकमधील चौकाची घरे, स्पेनच्या दक्षिण भागातील अंगणे आणि सिंधमधील हैदराबादची छपरावरील वातायने ही तिचीच भावंडे होत. परस्परांपासून दूरच्या समाजांस सारख्या हवामानाने सारखी उत्तरे सुचविली.

ग्रामीण घरे : जिल्ह्याच्या पूर्वेकडील येवला, निफाड, सिन्नर, मालेगाव या कमी पावसाच्या तालुक्यांत धाब्याची घरे रूढ होती. लाकडी तुळयांवर काठ्या व पालापाचोळा पसरून त्यावर मातीचा जाड थर देत व पावसाळ्यापूर्वी त्यावर खारी माती टाकून तो पक्का करीत. दिवसा हे धाबे ऊन झेली व रात्री अंथरूण टाकण्यास उपयोगी पडे. पश्चिमेकडील इगतपुरी, पेठ, सुरगाणा या अतिवृष्टीच्या पट्ट्यात कोकणा, वारली, महादेव कोळी इ. जमातींची घरे कारवीच्या कुडाची व गवताने शाकारलेली असत. कुडास शेणमातीचा लेप देत. गवताचा थर उष्णता रोखण्यात उत्तम. मात्र त्यास आगीचे भय असे आणि दर एकदोन वर्षांनी ते बदलावे लागे. लासलगाव परिसरातील कांद्याच्या चाळीही याच अनुभवातून सिद्ध झाल्या आहेत. जमिनीपासून उचललेला तळ, दोन्ही बाजूंस फटी व वर सावली देणारे छप्पर, एवढ्यावर तेथे कांदा उन्हाळा काढतो.

पाणी व बाष्पीभवन : साठविलेला गारवा दुपारनंतर अपुरा पडू लागे, तेव्हा पाण्याचा आधार घेत. १ किग्रॅ. पाण्याची वाफ होताना सु. ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. कोरड्या हवेत हे बाष्पीभवन वेगाने होते. तापमान ३८° से. व सापेक्ष आर्द्रता २० टक्के असताना ओल्या पृष्ठभागाचे तापमान सिद्धांततः २१° ते २२° से.पर्यंत उतरू शकते. ३३° से. व ६५ टक्के आर्द्रता असलेल्या किनाऱ्यावर तेच २७° ते २८° से.च्या खाली जात नाही. माठातील पाणी नाशिकास गार व मुंबईस कोमट लागते, ते यामुळेच.

नाशिक हे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध शहर. तांबट आळीतील ठोक्यांचा आवाज ही त्याची जुनी ओळख होय. तरीही उन्हाळ्यात पिण्याचे पाणी हंड्यातून निघून माठात जाई. धातूच्या भांड्यातून पाणी झिरपत नाही. भाजलेल्या मातीच्या सच्छिद्र भांड्यातून ते झिरपते व पृष्ठभागावर वाळून आतील पाणी गार करते. नवा माठ प्रथम भिजवून व धुऊन घेत, घडवंचीवर किंवा ओल्या वाळूच्या आळ्यात वाऱ्याच्या वाटेवर ठेवीत आणि त्यास ओले फडके गुंडाळीत. पाण्यात वाळ्याची जुडी किंवा मोगऱ्याची फुले टाकीत. दोनतीन उन्हाळ्यांनंतर क्षारांनी छिद्रे बुजली की तो माठ इतर कामास लावीत. कुंभारवाड्याचा उन्हाळ्यातील धंदा या दरवर्षीच्या गरजेवर चाले.

घर व अंगण यांवर सायंकाळी सडा टाकीत. शेणाने सारवलेली जमीन पाणी धरून ठेवते व हळूहळू सोडते. पश्चिमेच्या दारास वा खिडकीस वाळ्याची ताटी लावून ती भिजवीत. वारा तीतून आत येताना निवे व सुगंधी होई. नाशिकास उन्हाळ्यात वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून येतो, त्यामुळे ताटीची ही दिशा हवामानास धरून होती. गरीब घरात ताटीची जागा भिजविलेले गोणपाट घेई. विंझणा म्हणजे हातपंखा. तो ताडपत्राचा, बांबूचा किंवा वाळ्याचा असे.

दिनक्रम : घर गार ठेवणे हे घराबरोबरच घरातील माणसांच्या वेळेवरही अवलंबून होते. कामे पहाटे उरकीत. सूर्य वर येताच खिडक्या मिटत. दुपारी जेवणानंतर वामकुक्षी व बाजारात शुकशुकाट. चारनंतर पुन्हा व्यवहार सुरू होत. बैलगाडीचा प्रवास शक्यतो रात्री करीत. शाळा उन्हाळ्यात सकाळी भरविण्याची पद्धत यातूनच आली. तिन्हीसांजेस लोक गोदावरीच्या घाटांवर बसत. रात्री बाज अंगणात, ओट्यावर किंवा धाब्यावर काढीत. काथ्याने वा सुंभाने विणलेल्या बाजेस खालून हवा लागत असल्याने ती जाड गादीपेक्षा सोयीची ठरे. माणूस उन्हाबरोबर घरात जागा बदलीत असे. सकाळी ओसरी, दुपारी माजघर, रात्री आकाशाखाली. एकाच खोलीत दिवसाचे चोवीस तास सारखे तापमान असावे, ही अपेक्षा त्या जीवनात नव्हती.

सणाचार : ऋतूची ही जाणीव सणांतही उतरली आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास कैरीचे पन्हे, आंब्याची डाळ व भिजविलेले हरभरे देतात आणि हातास चंदनाचा लेप लावतात. अक्षय्य तृतीयेस उदककुंभाचे दान करतात. जिल्ह्याच्या उत्तर भागात हाच सण आखाजी म्हणून मोठ्या प्रमाणात होतो. अनेक घरांत या दिवसापासून नवा माठ वापरात काढीत. महादेवाच्या पिंडीवर उन्हाळाभर गळती बांधतात. त्र्यंबकेश्वर येथे चैत्र वद्य एकादशीस भरणारी ‘उटीची वारी’ विशेष उल्लेखनीय आहे. उन्हाचा दाह शमावा म्हणून संत निवृत्तिनाथांच्या समाधीस या दिवशी चंदनाची उटी लावतात. स्वतःस जे हवेसे वाटते ते देवास व संतास प्रथम द्यावयाचे, ही त्यामागील भावना आहे.

नाशिकची आणखी एक विशेष प्रथा म्हणजे रंगपंचमीची रहाड. जुन्या नाशकात व पंचवटीत शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणी रस्त्याखाली दगडी बांधणीचे चौकोनी हौद आहेत. ते पेशवेकाळापासूनचे मानले जातात. वर्षभर ते फळ्या व माती टाकून झाकलेले असतात. रंगपंचमीच्या सुमारास ते उघडून पाण्याने भरतात, त्यात पळसाच्या फुलांचा व इतर नैसर्गिक रंग मिसळतात आणि पूजेनंतर लोक त्यांत उड्या घेतात. या रंगीत पाण्यात बुडी घेतल्यास पुढे उन्हाळा बाधत नाही, अशी समजूत आहे. उन्हाळ्याच्या दारात सबंध आळीने एका हौदात उतरावे, असा हा सामुदायिक शीतनाचा सोहळा आजही मोठ्या उत्साहाने होतो.

श्रम आणि विषमता : या व्यवस्थेचे वर्णन करताना तिची किंमत कोण देत होते, हे नजरेआड करून चालत नाही. आडाचे वा नदीचे पाणी घरात आणणे, माठ भरणे, सडा-सारवण करणे ही कामे बहुधा स्त्रियांची होती. माजघर गार असले, तरी तिचा दिवसाचा मोठा भाग चुलीपुढे जाई. उन्हाळ्यातही तिन्ही वेळचा स्वयंपाक चुकत नसे. कुरडया, पापड, सांडगे ही वर्षाची वाळवणेही उन्हातच घालावी लागत. रस्त्यावर पाणी शिंपणारा पखालजी, ताटी भिजविणारा गडी, श्रीमंतांच्या दिवाणखान्यात दोरीने छताचा पंखा ओढणारा नोकर यांच्या घामावर इतरांचा गारवा उभा होता.

गारवा जातिव्यवस्थेनेही वाटून दिलेला होता. नदीकाठचे टेक, दगडी जोती व घरचे आड ज्यांच्याकडे होते, त्यांचा उन्हाळा आणि गावकुसाबाहेरील एकखणी घरांतील उन्हाळा एक नव्हता. पाणपोईवर दलितांना वरून ओंजळीत पाणी घालण्याची किंवा मुळीच न देण्याची रीत होती. सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या कराव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. परंतु व्यवहारात त्याची अंमलबजावणी झाली नाही व १९२७ मध्ये महाड येथे चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला. नाशिकास २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली व दादासाहेब गायकवाड यांच्या संघटनेने सुरू झालेला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह हा मानवी समतेचा लढा होता. छाया व पाणी यांवरील समान हक्क हा त्याच समतेचा दैनंदिन भाग होय.

ब्रिटिश काळ : इंग्रजांनी आपल्याबरोबर बंगल्याची रचना आणली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झालेल्या देवळाली छावणीत उंच छताच्या खोल्या, भोवती व्हरांडा, छताचा पंखा व वाळ्याच्या ताट्या ही सामग्री दिसे. यांतील पंखा व ताटी येथूनच उचललेली होती. देवळालीची कोरडी हवा आरोग्यास हितकर मानली जाऊन पुढे मुंबईकर पारशी, गुजराती इ. कुटुंबांची आरोग्यभुवने तेथे उभी राहिली. रेल्वेने उन्हाळ्यात ‘हवा पालटण्यास’ येणाऱ्यांची संख्या वाढली.

बंगल्याबरोबर घराविषयीचा नवा विचारही आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगच्या साथीनंतर दाट वस्ती, अंधारी माजघरे व कोंदट खोल्या यांकडे रोगाचे घर म्हणून पाहिले जाऊ लागले. ही टीका निराधार नव्हती. दिवसा मिटलेले घर गार राहते. पण त्यात उजेड व ताजी हवा कमी असते आणि क्षयासारख्या रोगांस ते पोषक ठरते. मोठ्या खिडक्या, सुटी घरे व रुंद रस्ते यांचा पुरस्कार झाला. आरोग्याच्या दृष्टीने तो आवश्यकच होता; परंतु त्याबरोबर गल्लीची सावली व सामाईक भिंतींचे संरक्षण गेले आणि त्यांची जागा दुसऱ्या कशाने भरून निघाली नाही. याच सुमारास मंगलोरी कौले व पन्हळी पत्रे रेल्वेमुळे सर्वत्र पोहोचले. एकेरी मंगलोरी कौल हलके व गळतीस चांगले. पण उन्हाच्या बाबतीत दाट रचलेल्या नळीच्या कौलांची बरोबरी त्यास करता आली नाही. पत्रा तर दुपारी स्वतःच शेगडी होतो.

स्थित्यंतर : वाडे मोडकळीस येण्याचे कारण विजेचा पंखा हे नव्हे. वारसांतील वाटण्या, १९४७ च्या भाडेनियंत्रण अधिनियमामुळे गोठलेली भाडी, त्यामुळे थकलेली दुरुस्ती, चांगल्या सागाची दुर्मिळता आणि वाढता जमिनीचा भाव यांनी ते पोखरले. चौक झाकून खोल्या काढल्या गेल्या, ओसऱ्या बंद झाल्या, कौलांच्या जागी पत्रे आले. जुन्या नाशकात पावसाळ्यात वाडे कोसळण्याच्या घटना वारंवार घडतात; तेथील रहिवाशांना गारव्यापेक्षा जिवाची चिंता अधिक असते.

शहर मात्र वाढत गेले. सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती, सिडकोचे नवे नाशिक आणि १९८२ मध्ये स्थापन झालेली महानगरपालिका हे या वाढीचे टप्पे होत. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सु. १४·८६ लाख होती. नव्या घरांचे मुख्य लक्षण म्हणजे सिमेंट-काँक्रीटची सपाट गच्ची. १० ते १५ सेंमी. जाडीच्या या लादीतून उष्णता तीनचार तासांत खाली उतरते. दुपारी तापलेली गच्ची सायंकाळी, माणसे कामावरून परततात त्या वेळी, आपली धग खोलीत टाकू लागते व मध्यरात्र उलटली तरी ती निवत नाही. वाड्यात माळ्यावर जे सोसले जाई, ते आता थेट राहत्या खोलीच्या माथ्यावर येते. १५ ते २३ सेंमी. जाडीच्या विटांच्या भिंती, पश्चिमेकडील मोठ्या काचेच्या खिडक्या व नाममात्र छज्जे यांची त्यात भर पडते.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत्‌ मंडळाची स्थापना झाल्यावर वीज झपाट्याने घरोघर पोहोचली. नाशिकजवळील एकलहरे येथील औष्णिक विद्युत्‌केंद्र १९७० च्या सुमारास सुरू झाले. विजेच्या पंख्याने ओढणाऱ्याचे श्रम संपविले, हा त्याचा मोठाच गुण होय. पंखा हवेचे तापमान कमी करीत नाही; तो घामाचे बाष्पीभवन वाढवितो. हवा कातडीहून अधिक तापली की त्याचा उपयोग घटतो. वाळ्याच्या ताटीची यांत्रिक आवृत्ती असलेला कूलर मार्च ते मे या काळात नाशिकास उपयुक्त ठरतो. पावसाची दमट हवा आली की निरुपयोगी होतो. वातानुकूलन यंत्र खोली निश्चितच गार करते, परंतु काढलेली उष्णता बाहेर टाकते. दाट वस्तीत ती शेजाऱ्याच्या खिडकीशी जाते. आळीने मिळून गारवा निर्माण करण्याची जुनी रीत येथे नेमकी उलटी होते.

सद्यःस्थिती : भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सु. ०·७° से.ने वाढल्याचे केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० मधील अहवालात नमूद आहे. डांबर, काँक्रीट व घटलेली झाडी यांमुळे शहरांच्या रात्री भोवतालच्या खेड्यांपेक्षा उष्ण राहतात. गृहशीतनाच्या दृष्टीने ही बाब दुपारच्या उच्चांकापेक्षा अधिक गंभीर आहे. कारण साठविण्यासाठी रात्रीचा गारवाच उरला नाही, तर जाड भिंतही निष्फळ ठरते. याची सर्वाधिक झळ पत्र्याच्या घरांत राहणाऱ्यांना, वृद्धांना, बालकांना व उन्हात काम करणाऱ्यांना बसते.

उपायांची दिशा दोन पातळ्यांवर दिसते. शासकीय पातळीवर अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला व पुढे अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. निवासी इमारतींच्या भिंती, खिडक्या व छप्पर यांतून येणाऱ्या उष्णतेस मर्यादा घालणारी ‘इको-निवास संहिता’ २०१८ मध्ये आणि राष्ट्रीय शीतन कृती आराखडा २०१९ मध्ये जाहीर झाला. घरगुती पातळीवर गच्चीस पांढरा चुना देणे, तीवर चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांची फरशी बसविणे, मांडव घालून वेल चढविणे, पत्र्यावर उसाचे पाचट वा गवत पसरणे, पश्चिमेच्या खिडकीस बाहेरून पडदा लावणे आणि पहाटे घर उघडून सकाळी मिटणे हे उपाय अल्प खर्चाचे व परिणामकारक आहेत. या सर्वांत बाहेरून घेतलेली सावली महत्त्वाची; काचेच्या आत लावलेला पडदा ऊन घरात आल्यानंतर त्यास अडवितो.

वाडा जसाच्या तसा पुन्हा बांधणे शक्य नाही आणि त्याच्या अंधारासह व विषमतेसह तो पुन्हा यावा, अशी अपेक्षाही कोणी करणार नाही. परंतु छप्पर आणि माणूस यांमध्ये अंतर ठेवणे, घरांनी परस्परांस सावली देणे व रात्रीस घरात वाट करून देणे ही त्याची तत्त्वे कोणत्याही साहित्यात उतरविता येण्यासारखी आहेत. नाशिकच्या पहाटा अद्याप बऱ्याच गार असतात. तो गारवा दुपारपर्यंत टिकविणारी घरे बांधणे, हा नव्या वसाहतींच्या रचनेपुढील मुख्य प्रश्न आहे.